उजेडाला अक्षत

आमच्या फायबर केबलमधला उजेड आमंत्रणाशिवाय दुसऱ्या वाटेनं जात नाही. यात नवल काही नाही. आपण तरी न बोलावता कुणाच्या दारात जातो का?

तालुक्याचे फोन आणि इंटरनेट घेऊन टेलिफोन एक्सचेंजमधून शहराकडे जायला त्याला दोन वाटा. पुलावरची सरळ आणि ऐसपैस, घाटातली लांबची आणि अरुंद. पुलावरची केबल तुटली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यानं घाटाची वाट धरायची, म्हणून तर ती टाकलीय. मंगळवारी पुलापाशी जेसीबीनं केबल तोडली आणि हा पठ्ठ्या एक्सचेंजच्या दारात बसून राहिला.

चूक आमचीच. दरवर्षी आम्ही त्याला घाटाची अक्षत आधीच देऊन ठेवतो. यंदा साहेब म्हणाले, "हल्ली कोण अक्षत घेऊन फिरतं? मेसेज टाका." आता तो मेसेज नेला कुणी? उजेडानंच. स्वतःचं आमंत्रण स्वतःच पोचवायला लावल्यावर कोण रुसणार नाही?

तेवढ्यात आमचे लाइनमन धोंडीराम शेलार धापा टाकत आले. त्यांच्या बायकोच्या, गजराबाईंच्या, छातीत कळ आली होती, त्या ग्रामीण रुग्णालयात होत्या. शहरातल्या डॉक्टरांनी इसीजी बघितल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. मी ताटलीत कुंकू, तांदूळ, सुपारी घेतली आणि दारात गेले.

"घाटातून सहकुटुंब सहपरिवार यायचं हं," मी म्हणाले.

"सहपरिवार कसा येऊ, बाई?" उजेड म्हणाला. "माझ्यामागे अख्खा तालुका आहे. वाट केवढीशी."

"मग पंगती पाडू."

"पहिल्या पंगतीला कोण?"

"आमदारांचं भाषण," साहेब मागून म्हणाले. "मग क्रिकेटची मॅच."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, कार्यात आधी लेकरं आणि आजारी माणसं जेवतात. आमदारांना काही भोवळ येत नाही."

"बाईंचं बरोबर आहे," उजेड म्हणाला. त्यानं कुंकू लावून घेतलं, सुपारी उचलली आणि गजराबाईंचा इसीजी घेऊन निघाला. काय गेला म्हणून सांगू! घाट चढला कधी, उतरला कधी, कळलंसुद्धा नाही. शहरातून डॉक्टरांचा निरोप आलाच: दिसलं, इंजेक्शन द्या.

मग रुग्णालयाच्या फोनची वाट बघणं आलं. धोंडीराम भिंतीला टेकून बसले होते. फोन वाजला. नर्स म्हणाल्या, "बाईंची कळ थांबली. चहा मागतायत, देत नाही म्हणून माझ्यावर रागावल्यात."

धोंडीराम ढसाढसा रडले. मलाही आवरेना. साहेबसुद्धा चष्मा पुसत होते.

"दुसरी पंगत बसवायची ना?" उजेडानं दारातून विचारलं.

"धोंडीरामदादा, तुम्ही जा रुग्णालयात," मी म्हणाले. "आम्ही बघतो इथलं."

ते उठले, तोंड धुऊन आले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या.

"आमचं माणूस सगळ्यांच्या आधी जेवलंय, मॅडम," ते म्हणाले. "ही पंगत वाढतो आणि मग जातो."