तिजोरी फोडल्याची कबुली

जामिनावर सुटलेल्या कुलूपवाल्याने टेबलफॅन चोरल्याचं कबूल केलं होतं. आता फक्त शिक्षा ठरायची होती. पूर्वीचा गुन्हा किरकोळ असला तर तीन महिन्यांत सुटेल, असं त्याच्या वकिलांनी सांगितलं होतं. पोरीचं लग्न चौथ्या महिन्यात होतं. म्हणून मागच्या बाकावर त्याची बायको जीव मुठीत धरून बसली होती.

सरकारी वकिलांनी जुन्या शिक्षा वाचल्या. "एक, सायकलचा पंप चोरणे. दोन, पतपेढीची तिजोरी फोडणे."

बायको बाकावर पुढे सरकली. पंप खरा होता. तिजोरी मात्र त्याच नावाच्या भलत्याच कुणाची यांच्या कागदांत घुसली होती. पण नवऱ्याची छाती फुगली. जन्मभर गंजकी कुलपं उघडणाऱ्याच्या नावावर पहिल्यांदाच तिजोरी लागत होती.

"मान्य," तो म्हणाला.

त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नीट ऐका. हे मान्य केलंत तर पाच वर्षं. नाकारलंत तर सिद्ध करणं सरकारचं काम. समजलं?"

"समजलं, साहेब. मान्य."

"मग सांगा, कशी उघडलीत?"

"तारेने. दोन मिनिटांत."

सरकारी वकील पडेल आवाजात म्हणाले, "इथे गॅस कटरने कापली असं लिहिलंय."

बायको ताडकन उठली. "साहेब, घरातला गॅससुद्धा मीच पेटवते. हे चार हात लांब उभे राहतात."

कोर्टात खसखस पिकली. ही कबुली धरता येत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं. पुरावा विचारला, तर सरकारी वकिलांनी नकारार्थी मान हलवली. तिजोरी यादीतून गेली.

"राहिला पंप. मान्य?"

"नाही," नवरा घुश्शात म्हणाला. "पंप काय चोरायची वस्तू आहे?"

"नाकारा, हक्क आहे तुमचा. पुराव्यासाठी दोन महिन्यांनंतरची तारीख देतो. शिक्षा त्यानंतर सुरू होईल."

"अहो, पोरीचं लग्न," बायको मागून एवढंच म्हणाली.

नवऱ्याचा सगळा ताठा उतरला. "मान्य, साहेब. परिणाम समजले. पंप मीच चोरला. माझी चूक झाली."

तीन महिने. बायकोला आभाळ ठेंगणं झालं. ती तडक कारकुनाच्या टेबलाशी गेली.

"भाऊ, या कबुलीची सहीशिक्क्याची नक्कल मिळेल का?"

"अपील करायचंय?"

"छे हो. पंचवीस वर्षांच्या संसारात 'माझी चूक झाली' पहिल्यांदाच म्हणालेत. भिंतीवर लावायचीय."