सुपात सांडलेली लांब्रुस्को

बसा इथं, एक भारी गंमत सांगतो! इटलीतल्या आमच्या मोडेनात लाल फेसाळ वाइन मिळते, लांब्रुस्को. सोड्याच्या भावात! पण डुकराच्या चरबीवर तिच्यासारखं औषध नाही. एक घास, एक घोट, की जीभ साफ. पुन्हा नवा घास!

आता माझा होणारा व्याही ओत्ताविओ. पिएमोंतेचा माणूस. तिकडं वाइन तळघरात म्हातारी करून पितात. लग्नाची बोलणी करायला जेवायला आला आणि आमच्या लांब्रुस्कोचं नुसतं नाव ऐकूनच नाक मुरडलं.

"नेरिओ, हे पोरांचं सरबत लग्नात नको. पंगतीला माझी वाइन."

लग्न माझ्या पोरीचं, अंगण माझं, आणि वाइन याची? डोकंच फिरलं!

"आज एका तरी पदार्थाबरोबर जमली तर लग्नात माझी. नाही जमली तर तुमची!"

"ठरलं!"

तसाच ट्रॅक्टर काढला, सोसायटीतून बाटल्या उचलल्या, खड्ड्याखड्ड्यातून आणल्या आणि पहिली थेट टेबलावर उघडली. बूच छताला! वाइन फाटक्या पाइपासारखी सुटली! व्याह्याचा पांढरा सदरा गुलाबी, चष्मा गुलाबी, आणि उरलेली सगळी टॉर्टेलिनीच्या, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पिठोळ्यांच्या, सुपात!

"अहो, काय केलंत हे!" बायको किंचाळली. आमची पोरगी इल्दे रडायच्या बेतात.

मी मात्र शांतपणे वाडग्यात सूप ओतलं. आमच्याकडची जुनी माणसं सुपात वाइन घालूनच पितात, हे खरं. फक्त छतावरून घालत नाहीत!

"घ्या व्याही. इकडची रीत आहे."

"सदऱ्यावर उडवायची पण?"

"पाहुणा मोठा असला तरच!"

त्यानं चष्मा पुसला, एक चमचा घेतला. दुसरा चमचा. मग वाडगाच तोंडाला लावला! वर सॉसेज हाणलं, दुसऱ्या बाटलीचा तळ गाठला.

"नेरिओ, लग्नाला हीच!"

जिंकलो की नाही! छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

पण निघताना व्याही दारात थांबला. "आमच्याकडचे सगळेच मोठे पाहुणे आहेत. प्रत्येक टेबलावर अशीच उडवा हं. मानपानात कमी नको!"

आता उडवायची रीत नाहीच, हे कोणत्या तोंडानं सांगू? इल्दे नवरीचा झगा कपाटात कुलूपबंद करून बसलीय.

तुम्ही रविवारी लग्नाला यायचंच. फक्त, हात जोडतो, पांढरं काही घालू नका!