लॉनवरचा दवाखाना

डॉक्टर निवृत्त झाले आणि डॉक्टरीणबाईंच्या स्वयंपाकघराचे ग्रह फिरले. उभा जन्म लोकांचे दात काढण्यात गेलेला माणूस. घरी बसून आता काय काढावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी चुका काढायला घेतल्या. साखरेचा डबा चहाच्या डब्यापासून इतका लांब का, सुऱ्या उताण्या का ठेवल्या, कांदा चिरताना अंगठा कुठे असावा, या सगळ्यावर त्यांची मतं ठाम होती. ती द्यायला ते गॅसशेजारी स्टूल टाकूनच बसत. वर म्हणत, "तुझं चालू दे, मी नुसता बघतोय." नुसता बघणारा नवरा किती जड जातो ते ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगायचं? ज्यांना माहीत नाही त्यांचं भाग्य थोर. डब्यांची सगळी मांडणी महिन्याभरात बदलली आणि बाईंना स्वतःच्या घरात मीठ सापडेना.

बाईंचं मागणं फार नव्हतं. सकाळपुरतं तरी स्वयंपाकघर आपलं एकटीचं असावं. रेडिओ लावावा, मोठ्यानं गुणगुणावं, भाजी करपली तर निमूटपणे पातेलं घासून टाकावं, कुणी कारण विचारू नये. तेवढ्यासाठी त्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि एक हत्यार घेऊन आल्या.

घरासमोरच्या लॉनवर डँडेलियनचं, पिवळ्या फुलांचं तण माजलं होतं आणि हत्यार ते उपटायचं होतं. लांब दांडा, खाली लोखंडी नखं, बाजूला पाय द्यायला पट्टी. नखं तणावर टेकवायची, पायानं दाबायचं, दांडा मागे कलता केला की झाड मुळासकट वर. कमरेत वाकायचं काम नाही.

"अहो, लॉनचं जरा बघता का? मला मेलीला वाकवत नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नखं उघडमीट करून पाहिली. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "पेशंट किती आहेत?"

"भरपूर आहेत. सावकाश करा. अगदी सावकाश."

डॉक्टर बाहेर पडले. बाईंनी रेडिओ लावला. गाण्याचा मुखडा संपायच्या आत दार उघडलं आणि डॉक्टर चिखलाच्या बुटांनिशी आत आले. हातात एक लोंबतं मूळ.

"हे बघ. याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. टोक आत राहिलं की पुन्हा उगवलंच म्हणून समज. हे सबंध आलंय."

"बघितलं."

"टोक बघ ना."

"टोकही बघितलं."

डॉक्टर समाधानानं गेले आणि दुसरं घेऊन आले. मग तिसरं. काढलेला दात पेशंटच्या नातेवाइकांना दाखवल्याशिवाय काम पुरं झालं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, आणि इथे नातेवाईक म्हणजे एकट्या बाई. दुपारपर्यंत फरशीवर लॉन जास्त आणि बाहेर कमी, अशी वेळ आली. पूर्वी निदान ते स्टुलावर एका जागी तरी बसत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी युक्ती केली. "एवढं चांगलं काम मला काय दाखवता? मला त्यातलं कळतं का काही? सरांना दाखवा. त्यांच्या लॉनवर तर आपल्याहून जास्त आहे."

शेजारचे सर इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. कुंपणापलीकडून त्यांच्या मिसेसनी हे ऐकलं आणि हातातले कपडे बादलीत टाकून त्या धावत आल्या. "पाठवा हो डॉक्टरांना, उपकार होतील. आमचे दिवसभर फ्रिज उघडून आत बघत उभे राहतात."

डॉक्टर सरांकडे गेले, तिथून पलीकडच्या विमा एजंटांकडे. ते चार दिवस बाईंच्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. भाजी एकदा करपलीसुद्धा, आणि त्या हसत हसत पातेलं घासत बसल्या.

पण सरांना नुसतं बघणं सोसेना. त्यांनी स्वतःचं हत्यार आणलं. मग लांब मूळ कोणाचं यावर दोघांची जुंपली. सर म्हणाले, पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. विमा एजंट पंच झाले. मुळं धुवायची कुठे, हा प्रश्न आला. सरांच्या मिसेस डोळ्याची पापणी न लवता म्हणाल्या, "आमच्या नळाला पाणीच नाही आज."

"मग आमच्याकडे चला," डॉक्टर उदारपणे म्हणाले. "ही चहा टाकेल."

अशा रीतीनं एका नवऱ्याच्या जागी तीन पुरुष स्वयंपाकघरात आले. भाजीच्या चाळणीत मुळं, पोळपाटावर मोजपट्टी. सरांचं मूळ सुताभरानं लांब भरलं, तर डॉक्टर म्हणाले की टोकाला दुसऱ्याच गवताची मुळी चिकटली आहे.

"हा सरळसरळ आरोप आहे," सर म्हणाले.

"वाद नको, दोघांचाही दावा अंशतः मंजूर करतो," विमा एजंट म्हणाले, आणि गॅसकडे वळले. "वहिनी, ही नळी कधी बदलली होती?"

"वहिनी, कांदा आधी पाण्यात टाकला तर डोळे झोंबत नाहीत," सर म्हणाले.

"मी तेच सांगतो, पण ऐकतंय कोण?" डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "तुझं चालू दे गं. आम्ही नुसते बघतोय."

बाईंनी गॅस बंद केला. ॲप्रन खुंटीला अडकवला आणि दाराशी टेकवलेलं हत्यार उचललं.

"कुठे निघालीस?"

"लॉनवर. थोडं राहिलंय."

"अगं, तुला वाकवत नाही ना?"

"यात वाकावं लागत नाही."

"आणि चहा?"

"तिघं आहात की. डबे तुम्हीच लावलेत, सापडतील."

बाहेर ऊन छान पडलं होतं. बाईंनी नखं टेकवली, पाय दाबला, दांडा कलता केला. मूळ मध्येच तुटलं. त्यांनी ते बादलीत टाकलं. कोणी काही बोललं नाही. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी दुसरंही तोडलं.

कुंपणापलीकडे सरांच्या मिसेस आल्या, सरांचंच हत्यार घेऊन. "आमचे तुमच्याकडेच आहेत ना?"

"आहेत. चहा करतायत."

"मग घाई नाही," म्हणत त्यांनी एक खुर्चीच बाहेर आणली आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. आत दूध उतू गेल्याचा वास आला, मग ते कोणामुळे गेलं याची चर्चा ऐकू आली. दोघींपैकी कोणी जागची हलली नाही.

थोड्या वेळानं खिडकीत डॉक्टरांचं डोकं दिसलं. "अगं, अजून किती वेळ?"

बाईंनी लॉनवर नजर फिरवली. डॉक्टरांचा हात काही वाईट नव्हता. लॉन जवळजवळ साफ झालं होतं आणि हे असंच चाललं तर उद्या बाहेर यायला निमित्त उरणार नव्हतं. कुंपणाच्या कडेला एकच फूल राहिलं होतं. पिकून त्याचा पांढरा कापसाचा गोळा झाला होता, त्यात बीच बी.

"बरंच आहे अजून," बाई म्हणाल्या.

डोकं आत गेलं. बाईंनी तो देठ हलक्या हातानं खुडला, खिडकीकडे पाठ केली आणि छातीत मावेल तेवढी हवा भरून लॉनवर फुंकर मारली. पांढऱ्या म्हाताऱ्या तरंगत गवतभर पसरल्या.

सरांच्या मिसेसनी खुर्ची कुंपणाजवळ ओढली. "थोडं इकडेही येऊ द्या हो," त्या म्हणाल्या.