दोनशे बारा उत्तरं

यंत्र बिघडलं की लोक घाबरतात. मी घाबरत नाही. चाळीस वर्षं पुढाऱ्यांची आणि प्राध्यापकांची टर उडवण्यात गेली. एक मेलचा प्रोग्राम माझं काय वाकडं करणार?

काय करणार ते त्या मंगळवारी कळलं. सकाळी त्याने विचारलं, "नवी आवृत्ती घेऊ का?" मी उदार मनाने हो म्हटलं. तेव्हापासून तो उघडायचा, तीन सेकंद माझ्याकडे बघायचा आणि मान टाकायचा! नको असलेला पाहुणा दारात दिसावा तसा, झपकन बंद!

आणि आत होतं माझं नवं पुस्तक. पाच वाजेपर्यंत ते संपादकांकडे पोचलं नाही, तर त्याच्या जागी एका वजन घटवणाऱ्या डॉक्टरांचं पुस्तक छापायला जाणार होतं.

"अहो, मदत केंद्राला फोन करा," ही म्हणाली.

मी आधी शेजारच्या इंजिनियरांना बोलावलं. त्यांनी पडद्यावर टिचकी मारली, कॉम्प्युटर उचलून खालून पाहिला आणि म्हणाले, "पाया मजबूत आहे." नोकरीभर ते पूल बांधायचे.

मग मदत केंद्र. पंचवीस मिनिटं बासरी ऐकवून एक गोड आवाज म्हणाला, "सर, आपली तक्रार आम्हाला मेलने पाठवा."

"अहो, मेलच बंद पडलीय!"

"हो सर. तेही त्यात लिहा."

झालं! अख्खा प्रोग्रामच पुसून टाकायला मी निघालो, तेवढ्यात हिने माझ्या हातातून माउस काढून घेतला. लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी, तसा.

हिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. शंभर लायनींतली कुठली गेलीय, ते नुसतं कान लावून ही सांगायची. हिने सात वेळा प्रोग्राम उघडला, सात वेळा मरू दिला. मधे बोटसुद्धा लावलं नाही. नुसती बघत होती. मी हिच्याकडे बघत होतो.

"उजवीकडच्या चौकटीत तो सगळ्यात वरची मेल दाखवायला जातो आणि तिथंच मरतो. कोणाची आहे ती?"

"माझी."

"कोणाला?"

"मलाच."

मग सांगावंच लागलं. पुस्तक हरवू नये म्हणून मी ते मेलमध्येच लिहितो. एक पान स्वतःला पाठवायचं; दुसऱ्या दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून पुढचं पान. प्रत्येक उत्तराच्या पोटात आधीची सगळी उत्तरं. अशी दोनशे बारा!

"दोनशे बारा वेळा स्वतःला उत्तर दिलंत? माझ्या एका प्रश्नाला तुम्हाला आठवडा लागतो!"

पाचला वीस कमी. हिने स्वतःचा फोन घेतला, काहीतरी टाइप केलं. "हं, आता उघडा."

एक सेकंद. दोन. तीन. चार! पाच! जिवंत! चौकटीत हिची ताजी मेल होती: "चष्मा कपाळावर आहे."

"आता माझी मेल वर, तुमची खाली," ही म्हणाली. "तिला उघडू नका. तशीच पुढे पाठवा."

मी थक्क! दोनशे बारा पानांनी जे बंद पाडलं, ते हिने तीन शब्दांत सुरू केलं! चष्मा खरंच कपाळावर होता.

पाचला सात कमी असताना मेल गेली. पाचच्या ठोक्याला संपादकांचा फोन.

"पोचली का?" मी विचारलं.

"पोचली! मी कौतुकाने न उघडताच सगळ्यांना पुढे पाठवली. आम्हीही सकाळीच नवी आवृत्ती घेतली होती. अख्खं ऑफिस बंद पडलंय!"

"पण पुस्तक वेळेत आलं ना?"

"आलं, तुमचंच छापणार! डॉक्टरांचं याच बंद मेलमध्ये अडकलंय, ते आता बाहेर कुठे निघतंय? पण तुम्ही यातून सुटलात कसे?"

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, मुळात यंत्राचा स्वभाव..."

"ते राहू द्या. वहिनी आहेत का?"

मी फोन दिला. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे पुष्कळ लेख मागितले. इतकं काकुळतीला येऊन एकदाही नाही.