दर सातवं घर

तटस्थतेत मी वर्गात पहिली आले होते! शंभरपैकी ब्याऐंशी गुण!

आता तटस्थता हा काही स्वतंत्र विषय नसतो. विषयाचं नाव होतं ‘संशोधन पद्धती’. पण आमच्या प्रेमाबाई त्यात दुसरं काही शिकवतच नसत. “संशोधकानं भिंतीसारखं असावं,” त्या म्हणायच्या. “लोक बोलतील, हसतील, रडतील. भिंत फक्त ऐकते. भिंत कधी रडते का?” मुंबईच्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहाच्या भिंती चार महिने सलग रडत असत, पण हे बाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय होता ‘ग्रामीण कुटुंब आणि त्याचे निर्णय’. आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली बाभळवाडीची. कळंब तालुका, दोनशे दहा उंबरे. आता बाईंचा एक नियम असा होता की, ओळखीचं गाव घ्यायचं नाही. माझे वडील फार पूर्वी बाभळवाडीच्या शाळेत मास्तर होते खरे. पण आम्ही ते गाव सोडलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. तीन वर्षांच्या मुलीची ती काय ओळख! एकवीस वर्षांनंतर मला कोण ओळखणार? मी बाईंना काही सांगितलं नाही.

वडील त्याच वर्षी पौषात गेले होते. बाईंनी आपण होऊन विचारलं, “प्रबंध पुढच्या वर्षी देतेस का?” मी म्हटलं, “काही गरज नाही, बाई.” एक तर तुळजापुरात आई एकटी होती, आणखी एक वर्ष मुंबईत काढणं मला शक्यच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, ब्याऐंशी गुण काय उगीच पडतात? एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत तीस प्रश्नावल्या भरून आणायच्या, नाहीतर वर्ष बुडालं, एवढाच हिशेब डोक्यात ठेवून मी कळंबला एसटीतून उतरले आणि बैलगाडीनं बाभळवाडीत पोचले. सरपंच आण्णासाहेब बाजाराला गेले होते. त्यांच्या घरच्यांनी माझी वळकटी माडीवर ठेवली.

दोनशे दहा घरांतून तीस घरं निवडायची माझी पद्धत अगदी निर्दोष होती. दर सातवं घर! सुरुवातीला एक ते सात आकड्यांतली एक चिठ्ठी उचलायची. चार निघाला. म्हणजे चौथं घर, मग अकरावं, मग अठरावं. यात आवड नाही, नावड नाही, ओळखपाळख नाही. शुद्ध शास्त्र!

चौथं घर धुरपदाबाईंचं. साठी उलटलेल्या, सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी पाठ केलेलं सुरू केलं.

“नमस्कार. मी एक अभ्यास करते आहे. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक घर, असं धरून आपल्या घराविषयी मला काही प्रश्न...”

“बस की आदी. नाव काय तुजं?”

“विमल.”

“बापाचं?”

माझ्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. हा त्यांतला नव्हता. पण खोटं बोलायचं नाही, हाही बाईंचाच नियम.

“अंबादास.”

“गाव?”

“तुळजापूर.”

सूप थांबलं. “साळंतल्या अंबादास गुरुजींची इमल? अगं माय! ह्याच दारात उघडी-नागडी हिंडायचीस की गं तू!”

भिंतीला असं कुणी म्हणत नाही. मी प्रश्नावली सरळ केली.

“कसं हायत गुरुजी?”

मी कागदाकडे बघत म्हटलं, “पौषात गेले.”

माझ्या मांडीवरचे कागद धुरपदाबाईंनी उचलले, उतरंडीच्या कडेला ठेवले, उडू नयेत म्हणून वर पायली ठेवली आणि चूल पेटवली.

आमच्याकडे मरण झालेल्या घरच्या माणसाला बोलावून गोडाचं जेवू घालतात, अंगावर नवं कापड ठेवतात. त्याला दुखवटा काढणं म्हणतात. जवळचे सगेसोयरेच काढतात. मी बरंच समजावलं. “मावशी, मी कामाला आलेय. माझी अजून एकोणतीस घरं राहिलीत!”

“असू देत की. गुरुजी येकच हुते.”

तासाभरानं मी बाहेर पडले तेव्हा पोटात दोन पुरणपोळ्या होत्या, खांद्यावर हिरवा खण होता आणि प्रश्नावली कोरी होती!

अकराव्या घराकडे जायचं म्हणून मी मधली सहा घरं ओलांडायला लागले. पहिल्याच दारात शंकरप्पा उभे. किराणा दुकानाचे मालक, आवाज असा की कळंबच्या अडतीत लिलावाला लावावा.

“कुठं निघालीस, लेकी?”

“अकराव्या घरी.”

“आन् आमी?”

“तुमचं पाचवं आहे ना, काका. ते यात बसत नाही.”

“बसत न्हाय?” शंकरप्पांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं विचारलं. “धुरपदीच्या घरी गुरुजीचा दुखवटा काडला, आता एकदम अकराव्या घरी. मदल्या सा घरांनी काय घोडं मारलं? वाळीत टाकलं का आमाला?”

तुम्हीच सांगा, इथं माझं काय चुकलं? नंतर लक्षात आलं की सगळंच चुकलं होतं! गावात लग्नाचं आवतण द्यायचं तरी ओळीनं देतात. एक उंबरा चुकून राहिला तर दोन पिढ्या अबोला चालतो. आणि मी सहा-सहा उंबरे वगळत निघाले होते, तेही मोजून!

चार वाजता मारुतीच्या पारावर गाव जमलं. आण्णासाहेब बाजारातून परतले होते. “बाई, ही सातव्या घराची काय भानगड हाय, ती समद्यास्नी सांगा,” ते म्हणाले.

मी सगळा शहाणपणा एकवटला. म्हटलं, “हे बघा, भात शिजला की नाही हे बघायला आपण सगळं पातेलं चिवडत नाही. एक शीत दाबून बघतो. तसंच हे. तीस घरं बघितली की सगळं गाव कळतं.”

उदाहरण उत्तम होतं. वर्गात बाईंनी दिलं होतं. मला वाटलं, जिंकले!

“पर आमी भाकरी खानारी मानसं,” धुरपदाबाई म्हणाल्या. “एक भाकर भाजली म्हनून दुसरी भाजती व्हय? दर भाकर येगळी शेकावी लागती.”

“आन् भाताला राग येत न्हाय,” शंकरप्पांनी जोड दिली. “आमाला येतो!”

नमुना निवडीवर मी मुंबईत चार जाड पुस्तकं वाचली होती. या दोन मुद्द्यांचं उत्तर एकातही नव्हतं.

शेवटी गावानं निकाल दिला. दुखवटा एक तर समद्या घरी, नाहीतर कुणाच्याच घरी नाही. आणि तो झाल्याशिवाय प्रश्नांची उत्तरं कुणी द्यायची नाहीत. मी हादरले! दोनशे दहा जेवणं! आणि हातात फक्त पाच दिवस! मी अगदी काकुळतीला येऊन म्हटलं, “आण्णासाहेब, मला तीसच घरं पाहिजेत हो. माझं वर्ष जाईल.”

वर्ष जाईल म्हटल्यावर पारावर चुळबुळ झाली. गुरुजींच्या लेकीचं वर्ष जावं, असं कुणालाच वाटत नव्हतं. मग धुरपदाबाईंनीच तोड काढली.

“तूच सकाळी म्हनलीस ना, एका चुलीवर जेवत्यात ते एक घर? मंग झालं की! सात-सात घरं एका चुलीवर रांदतील. तुजी तीस घरं, आमचा समद्यांचा दुखवटा.”

व्याख्या माझीच होती. मला हरकत घेता येईना.

पुढचे पाच दिवस मी रोज सहा ठिकाणी जेवले. शेवया, शिरा, पुरणपोळी, गुळवणी, पुन्हा शेवया! तिसऱ्या दिवशी तर गुळाचा नुसता वास आला तरी मी वाट बदलायची. वेशीबाहेरच्या अठ्ठावीस घरांनी मात्र आपल्या चार चुली आपल्या आपणच मांडल्या. गावाचा एकोपा वेशीपर्यंतच होता. माझ्या सगळ्या प्रबंधात धडपणे केलेलं निरीक्षण बहुधा तेवढंच असेल. तिथंही मी जेवले, आणि तिथल्या शेवया सगळ्यांत सरस होत्या.

मुलाखतींचं काय वर्णन करावं!

“कुटुंबात माणसं किती?”

“त्रेचाळीस!”

“गुरंढोरं?”

“एकोनीस. थांबा, शंकरप्पाची म्हस धरली का?”

“कुटुंबात आपसांत मतभेद होतात का?”

“छ्या! अजिबात न्हाय.”

“न्हाय?” कोपऱ्यातून आवाज आला. “मंग परवा माजा बांद कुनी रेटला?”

यावर कुटुंबप्रमुख आणि कुटुंबप्रमुख असे दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले, उरलेल्या पाच कुटुंबप्रमुखांनी त्यांना धरलं आणि मी ‘क्वचित’ या चौकटीत खूण केली.

सव्विसाव्या प्रश्नावर मात्र सगळ्यांचं एकमत होई. ‘अडचणीच्या वेळी कुटुंब कोणाचा सल्ला घेते?’ पर्याय चार: नातेवाईक, सरपंच, सरकारी अधिकारी, इतर.

“गुरुजींचा.”

“कोणत्या?”

“कोनत्या काय? तुज्या बापाचा!”

“अहो, ते एकवीस वर्षांपूर्वी हे गाव सोडून गेले!”

“मंग? त्येंनी लावलेलं वळन आजून पुरतंय.”

आण्णासाहेब एक-दोनदा जवळ उभे राहून खाकरले. ‘सरपंच’ हा पर्याय मी जरा मोठ्यानं वाचूनही दाखवला. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांच्याच आईनं गुरुजींचं नाव सांगितलं, तेव्हा ते उठून गोठ्यात गेले.

सत्ताविसावा प्रश्न होता सल्ल्याच्या स्वरूपाचा. माझे वडील घरात दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलत नसत. ते या लोकांना काय सल्ला देत असतील, याची मला खरोखरच उत्सुकता होती.

“काय बी न्हाय,” शंकरप्पा म्हणाले. “तवा निजामाचं राज्य, अर्ज-दरखास्त असली तर उर्दूत लिहून द्यायचे. बाकी आपन बोलायचं, ते सुपारी कातरत ऐकायचे. समदं सांगून झालं की म्हनायचे, बगा, तुमाला काय वाटतंय. घरी जाईस्तोवर आपलं आपल्याला उमगायचं.”

मी मुंबईला शिकायला जाऊ का, असं विचारलं तेव्हा मलाही ते हेच म्हणाले होते. मी चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. मला वाटलं होतं, ते उत्तर द्यायचं टाळतात.

‘सल्ल्याचे स्वरूप’ या ओळीत मी ‘काही नाही’ असं लिहिलं. वरच्या ओळीत नाव लिहायला काही पेन उचलेना, म्हणून तिथं ‘गावचे माजी शिक्षक’ असं लिहिलं. तिसाच्या तीस कागदांवर. चांगलं तटस्थ वाटत होतं.

एकोणीस तारखेला मी तीस भरलेल्या प्रश्नावल्या आणि एकतीस खण घेऊन मुंबईला पोचले. प्रेमाबाईंनी कागद तीन दिवस ठेवून घेतले. चौथ्या दिवशी बोलावणं आलं.

“एका कुटुंबात त्रेचाळीस माणसं?”

“एका चुलीवर जेवत होती, बाई. व्याख्येप्रमाणे.”

बाई व्याख्येपुढे कधी जात नसत. त्यांनी कागद उलटला.

“सल्ला घेतात माजी शिक्षकाचा. सल्ल्याचं स्वरूप, काही नाही. तीसही घरांत तेच! हे तू घरी बसून भरलंस का?”

“नाही, बाई. शपथ!”

बाईंनी चष्मा काढला. “मग तर जास्तच चूक आहे तुझी. सगळं गाव ज्या एका माणसाकडे बोट दाखवतं, त्याची मुलाखत कुठंय? तो काही न बोलता इतक्यांना कसा उपयोगी पडतो, हे त्याला विचारायला नको? असे राहतात तरी कुठं हे गृहस्थ? फार लांब?”

“लांब नव्हते, बाई. तुळजापूरलाच असायचे.”

“मग का नाही विचारलंस?”

“राहून गेलं.”

प्रबंध मंजूर झाला. वर्षही वाचलं. मुखपृष्ठावर बाईंनी लाल शाईत शेरा मारला होता: ‘मुख्य माहितगाराची मुलाखत घेण्यात अक्षम्य दिरंगाई. दहा गुण वजा.’

वजा झालेल्या गुणांसाठी आमच्या वर्गातले एकूणएक जण बाईंशी भांडून आले. मी गेले नाही. दहा तसे कमीच होते!