नवरोजच्या टेबलावर बसलेली गौर

बी.ए.ला मी फारसी घेतली होती. त्यामुळे नवरोजचं, म्हणजे इराणी नववर्षाचं, टेबल मांडणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मी सोराब इराणी साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं!

साहेबांच्या बंगल्यात रंगकाम चाललं होतं आणि त्यांच्या पत्नी शिरीनबाई नेमक्या नवरोजच्याच दुपारी मुंबईहून येणार होत्या. म्हणून टेबल आमच्या घरी. माझा स्वार्थ उघड होता. साहेबांची भुसावळला बदली झाली होती आणि सोबत न्यायच्या कारकुनांत माझं नाव होतं. ते गाळून घ्यायचं होतं. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहून आमच्या मराठीचं जे झालंय, ते भुसावळात चारचौघांत काढायची माझी छाती नव्हती.

गव्हाचे हिरवे अंकुर म्हणजे नवं जीवन, सफरचंद म्हणजे सौंदर्य, लसूण म्हणजे आरोग्य, शिरका (व्हिनेगर) म्हणजे संयम. शिवाय आरसा, दिवा, रंगवलेली अंडी, काचेच्या भांड्यात मासा. 'हात लावू नका' असं बायकोला बजावून मी स्टेशनवर गेलो. त्या दिवशी चैत्रातली तीज, गौर बसवायचा दिवस होता, हे फारसीच्या नादात विसरलो.

साहेब-बाईंना घेऊन परततो, तो घरात हळदीकुंकू! आरसा, दिवा, हिरवं धान्य बघून आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या राधामामींनी ही गौरच ठरवली होती. गौरीपुढे अंडी? ती चिमट्यानं उचलून गटारात. लसूण परसात, मासा विहिरीत, सफरचंदाचा प्रसाद. शेजारच्या मिश्राइन भाभींनी अंकुर खुडून इकडच्या रीतीनं सगळ्यांच्या कानांमागे खोवले होते. टेबलावर अन्नपूर्णा बसली होती, पुढ्यात पन्हं आणि भिजवलेले हरभरे.

"प्रमोदिनी, मी काय सांगून गेलो होतो?"

"मी कुठे हात लावला? मामीजींनी लावला."

साहेब टेबलावर शिरका शोधत होते. संयम तर मोरीतून केव्हाच वाहून गेला होता. मी फारसीत माफी जुळवत होतो, तेवढ्यात मामींनी शिरीनबाईंना पाटावर ओढलं. "बैठो बहूजी, पहली बार आई हो." कुंकू लावलं, पदरात हरभरे घातले, कानामागे अंकुर खोवला.

शिरीनबाई रडू लागल्या. मी डोळे मिटून घेतले.

त्यांच्या आईकडेही नवरोजला अशीच अख्खी आळी लोटायची म्हणे. मुंबई सुटली, आता भुसावळात आपलं असं कोण, असं त्या साहेबांना विचारत होत्या. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं नाव पक्कं," ते म्हणाले. "बंगल्याला लागून क्वार्टर देतो. मामींना आणायचंच."

भांडी आवरताना प्रमोदिनीनं विचारलं, "तिकडे सगळे मराठीच बोलतात?"

मी हो म्हटलं.

"हाय राम," ती म्हणाली, "फिर हमारा क्या होगा?"