धोक्याचे वीस गुण

मी फक्त एक पाटी लावली होती. तीही तासाभरासाठी. (लोर्ना म्हणते, सांगायचंच तर पहिल्याच ओळीत थापा नकोत. बरं, दोन तासांसाठी.)

लोर्ना ही माझी बायको, आणि आमच्या वेस्ट डनबरो गावच्या भूमी-संवर्धन ट्रस्टची अध्यक्ष. ट्रस्ट म्हणजे नऊ माणसं, चर्चमधलं एक कपाट आणि एकच ध्यास, तो म्हणजे ऑरिन पॉटलचं तळं. भोवतीचं जंगल धरून साठ एकर. त्या तळ्याच्या बर्फावर लोर्ना स्केटिंग शिकली, आणि तिथंच मी तिला मागणी घालताना बर्फ फुटून कमरेपर्यंत आत गेलो. ("आधी हो म्हण, मग बाहेर येतो," असं मी म्हणालो. घाबरून म्हणाली बिचारी.) या तळ्यासाठी ती अकरा वर्षं झटते आहे. ब्याऐंशी वर्षांचा ऑरिन ट्रस्टला जमीन स्वस्तात द्यायला तयार होता, पण सरकारी अनुदानाशिवाय ते स्वस्तही आम्हाला झेपेना. यंदा त्यानं सांगूनच टाकलं, "ऑक्टोबरपर्यंत थांबतो. मग मी मुलीकडे राहायला चाललो. त्यानंतर येईल त्याला विकणार."

अनुदानाला शंभरात सत्तर गुण लागतात. गेल्या वर्षी आम्ही अठ्ठावन्नवर नापास. घात केला तो 'जमिनीला असलेला धोका' या रकान्यानं. वीसपैकी दोन! आता आमच्याकडे गुडघाभर चिखल आणि डोळ्यात शिरणाऱ्या काळ्या माशा. तिथं घर बांधायला कोण मरायला येतंय? पण सरकारचं म्हणणं असं, की वाचवायला पैसे देऊ, आधी जमीन मरणाच्या दारात दाखवा.

"यंदाचा अर्ज मी भरतो," मी म्हणालो. तीस वर्षं मी गावच्या कचेरीत कुत्र्यांचे परवाने लिहिले आहेत. अर्ज म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

'धोक्याचा पुरावा छायाचित्रासह जोडा.' पुरावा नव्हता. म्हटलं, नसला म्हणून काय, तयार करू या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी तळ्याकाठी नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या आणि मधोमध पाटी रोवली. 'लवकरच! तळ्याकाठी बावीस आलिशान घरं! आजच फोन करा!' खाली फोन नंबर हवाच. दुसऱ्या कुणाचा टाकणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं, म्हणून आमच्या घरचा टाकला.

फोटो काढला, आणि पाटी उपटणार तोच लक्षात आलं की माझा ट्रक चिखलात रुतलाय. चालत घरी आलो. म्हटलं, जेवून जाऊ, ट्रकही काढू, पाटीही काढू. जेवलो. जेवल्यावर जरा पडलो.

मी पडलो होतो तेवढ्यात सगळं गाव तिथून जाऊन आलं.

संध्याकाळी चर्चमध्ये बीन्सचं सामुदायिक जेवण होतं. लोर्नाच्या ॲपल पायला कुणी सुरीसुद्धा लावली नाही. वाढायला उभी असलेली विनिफ्रेड स्टेपल्स माझ्या ताटलीवर पळी आडवी धरून म्हणाली, "बावीस घरं बांधणारे लोक आमचे बीन्स कशाला खातील?"

"कोण बांधतंय?" लोर्नानं विचारलं.

"पाटीवर तुमचा नंबर आहे गं बाई. पाठ आहे आम्हाला!"

लोर्ना माझ्याकडे वळली. "मर्ल?"

"धोक्याचे वीस गुण आहेत..." मी म्हणालो.

घरी पोचलो तर फोन वाजत होता. "तळ्याकडे तोंड असलेलं घर शिल्लक आहे का हो?" हा पहिला. मंगळवारपर्यंत चौदा झाले. लोर्नानं दात-ओठ खात प्रत्येकाचं नाव लिहून ठेवलं आणि प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं. पंधरावा फोन शहरातल्या एका बिल्डरचा. "भागीदारी द्या, नाहीतर थेट म्हाताऱ्याशी बोलतो." आणि बोललाच तो. दुप्पट भाव देऊन बसला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लोर्ना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडली. तिला रडताना मी दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा कारण मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती ऑरिनकडे गेली. मी मागं, चार पावलं अंतर ठेवून.

"दुप्पट म्हणतोय गं," ऑरिन म्हणाला.

"मग?"

"मग काय? ऑक्टोबर म्हणालोय ना मी? पण ऑक्टोबरनंतर मला तोंड दाखवू नका."

बुधवारी अर्जाच्या पाहणीला सरकारी बाई येणार होत्या, तारीख आधीच ठरलेली. "आता तरी पाटी काढून येतो," मी म्हणालो.

"हात लावशील तर याद राख! तुझं कर्तृत्व बघू दे त्या बाईंना."

पाहणीच्या बाई आल्या, तर तळ्याकाठी अख्खं गाव फलक घेऊन उभं. 'तळं आमचं आहे', 'घरं नकोत'. एका फलकावर नुसतंच 'मर्ल, लाज आहे का?' लोर्ना पुढं झाली आणि तिनं सगळं खरं सांगून टाकलं. पाटी खोटी, बावीस घरं खोटी, नवरा खरा. पंधरा नावांचा कागदही दिला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. गेलं तळं, मला वाटलं. लोर्ना सप्टेंबरपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सप्टेंबरात पत्र आलं. एक्क्याण्णव गुण! लोकांचा पाठिंबा, वीसपैकी वीस. धोका, वीसपैकी वीस. शेरा असा: 'पाटी बनावट. परंतु चार दिवसांत पंधरा चौकश्या आल्याने धोका खरा आहे. मूळ कारण: श्री. मर्ल गप्टिल, अर्जदार.'

लोर्ना हसत सुटली. मला मिठी मारली, मग पाठीत एक धपाटाही घातला. तळं वाचलं.

अनुदानाची एक अट आहे. दर वर्षी ट्रस्टच्या माणसानं हद्दीवरून फिरून सरकारला तपासणीचा अर्ज भरून द्यायचा. तो लोर्नाच भरते. मला घरात पेन हातात धरायला बंदी आहे. शेवटचा रकाना असतो, 'मूळ धोका अद्याप अस्तित्वात आहे काय?'

लोर्ना दर वर्षी न चुकता लिहिते, 'होय. घरीच आहे. जेवून जरा पडलाय.'